आधी वाचून दाखवा

"नावं कुठे आहेत, बाई?" संपादकांनी दारातूनच विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे न बघता डाव्या हाताचं एक बोट वर केलं. कानावर हेडफोन होता आणि पलीकडे कुणीतरी बोलत होतं. फोन चालू असताना बाई देवाशीही बोलल्या नसत्या, मग संपादकांची काय कथा.

"वाचा पुढे," बाई फोनमध्ये म्हणाल्या. "जसं लिहिलंय तसंच. मधला एक शब्द गिळलात तुम्ही."

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "तो शब्द... तो जाऊ द्या. काढतो मी तो."

"तुमची मर्जी. मग काढून वाचा."

पलीकडच्याने शब्द काढून वाचलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, "ठीक आहे, जोडून देते," म्हणाल्या, समोरच्या पडद्यावरची दोन बटणं एकामागून एक दाबली आणि मगच हेडफोन गळ्यात उतरवला.

"हं. कसली नावं?"

"लिहिणाऱ्यांची. टोपणनावामागची खरी नावं," संपादक आत आले. "शाळेचे अध्यक्ष येऊन बसलेत माझ्या खोलीत. त्यांना एक नाव हवंय. मी संगणकात बघितलं, तर एकाही माणसाचं नाव नाही. जिथे नाव हवं तिथे नुसती रेघ."

"बरोबर आहे."

"बरोबर कसं?"

"ओळख पटली की मी काढून टाकते," बाई म्हणाल्या. "हे पहिलं बटण मंजुरीचं. हे दुसरं नोंद पुसायचं."

"अहो, त्याच्या शेजारी नोंद ठेवायचंही बटण आहे."

"आहे की. त्याचं काय काम पडतं ते मला कधी कळलं नाही. बोलणं संपलं की कॉर्ड ओढायची, साहेब. नाही ओढली तर पुढचा फोन लागेल कसा?"

संपादकांनी कपाळाला हात लावला. बाई काय बोलतात ते त्यांना पुरतं कळलं, हीच त्यांची पंचाईत होती. त्यांची आई आणि बाई एकाच टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारीशेजारी खुर्च्यांवर बसल्या होत्या. समोर भोकाभोकांचा मोठा बोर्ड, हातात कॉर्ड. एकाचा फोन आला की कॉर्डचं टोक दुसऱ्याच्या भोकात खोचायचं, दोघांना जोडायचं, बोलणं संपल्याचा दिवा लागला की कॉर्ड ओढायची. बोर्ड पुन्हा कोरा. सगळं गाव त्या बायकांच्या कानातून जात असे. कुणाचं लग्न मोडतंय, कुणाचा बाप शेवटच्या घटका मोजतोय, कोण कुणाला चोरून फोन करतंय. बाकीच्या बायका चहाच्या सुट्टीत थोडंफार सांडायच्या. बाईंच्या तोंडून कधी थेंब गळला नाही. म्हणून त्यांचं नाव पडलं कुलूपबाई. पुढे एक्स्चेंज गेलं, बोर्ड भंगारात गेला, नाव मात्र राहिलं.

त्या कुलपाचा चटका घरालाही बसला होता. एका दुपारी त्यांनी एक ट्रंक कॉल जोडून दिला आणि जोडता जोडता कानावर पडलं, की नवरा जिथे काम करतो ती गिरणी महिन्याभरात बंद होणार. बाई घरी आल्या, स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं आणि गप्प राहिल्या. महिन्याने गिरणीच्या दारावर पाटी लागली. बायकोला आधीच माहीत होतं हे नवऱ्याला कुणाकडून तरी कळलं, तेव्हा त्याने कितीतरी दिवस तिच्याशी अबोला धरला. घरात काय हवंनको ते भिंतीकडे बघून सांगायचा. आणि एक दिवस बाईंनी चहाच्या दुकानासमोरून जाताना त्याचाच आवाज ऐकला. "आमच्या घरातलं कुलूप ऐऱ्यागैऱ्याचं नाही," तो मित्रांना सांगत होता. "मला, सख्ख्या नवऱ्याला, ताकास तूर लागू दिली नाही तिने." आवाजात तक्रार नव्हती. बाई मान खाली घालून पुढे गेल्या आणि वळणावर गेल्यावर हसल्या. नवरा गेला त्याला बरीच वर्षं झाली. पण ते वाक्य बाईंनी दागिन्यासारखं जपलं होतं.

"नावं सुरक्षित राहतील असं आपण खाली छापलंय, बाई," संपादक म्हणाले. "सुरक्षित म्हणजे जपून ठेवायची. फेकून द्यायची नव्हे."

"जे नाहीच ते कोण चोरणार?"

संपादकांनी पडद्याकडे एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तुम्हाला तर आठवत असतील."

बाईंनी हेडफोनची वायर सरळ केली. त्यांना सगळे आठवत होते. नावं थोडी पुसट होत, आवाज कधीच नाही.

"चला," संपादक म्हणाले. "ते अध्यक्ष माझं डोकं खाताहेत. तुम्हीच सांगा त्यांना तुमचं हे कॉर्डचं पुराण."

हे काम बाईंकडे आलं त्याला एका रडण्याचं निमित्त होतं. पेपरच्या बातम्या आता फोनवरही वाचता येत आणि बातमीखाली कुणीही काहीही लिहू शके. एका तरुण बातमीदार मुलीने नळाला येणाऱ्या गढूळ पाण्यावर बातमी केली, तर लोकांनी पाणी सोडून तिच्यावरच चिखल उडवला. तिच्या कपड्यांवर लिहिलं, तिच्या आईवर लिहिलं. ती मुलगी जिन्यात बसून रडली. तेव्हा पेपरने ठरवलं, की ज्याला लिहायचं आहे त्याने आधी ओळख द्यावी. ओळखपत्राचा फोटो, फोन नंबर, आणि कचेरीतून येणारा एक फोन. तो फोन करायला संपादकांनी बाईंना बोलावून घेतलं. एकदा ओळख पटली की मग वर टोपणनाव हवं ते लावा.

बाईंना हे मनापासून पटलं होतं. अंधारातून दगड मारणाऱ्याचा हात धरायलाच हवा. त्यात त्यांनी स्वतःची एक भर घातली. जो येईल त्याला त्या म्हणायच्या, "जे लिहायचंय ते आधी मला वाचून दाखवा." पुष्कळजण तिथेच अडखळत. बोटांनी जे खुशाल लिहिलं जातं ते एका म्हाताऱ्या बाईच्या कानात उच्चारताना जीभ टाळ्याला चिकटते. काही नुसतेच फोन ठेवून देत. निम्मी घाण त्या एका वाक्यानेच वाहून गेली. पण ज्याने वाचून दाखवलं, त्याचं नाव बाईंच्या कानापलीकडे गेलं नाही. जोडणाऱ्याला दोन्ही टोकं माहीत असावीच लागतात, त्याशिवाय जोडणार कसं? आणि म्हणूनच त्याने बोलायचं नसतं. हा हिशेब बाईंना तरुणपणीच कळला होता, तो समजावून सांगायची वेळ कधी येईल असं वाटलं नव्हतं.

संपादकांच्या खोलीत अध्यक्ष पाय पसरून बसले होते. गावातली मोठी शाळा त्यांची, तिची जाहिरात पेपरच्या पहिल्या पानावर. गेल्या महिन्यात 'तिसरा बाक' नावाच्या कुणीतरी एका बातमीखाली लिहिलं, की या शाळेत मागच्या जिन्याच्या दाराला भरशाळेत साखळी-कुलूप असतं. दुसऱ्या दिवशी आईबाप फाटकाशी जमले. अध्यक्षांना सगळ्यांच्या देखत ती साखळी काढावी लागली. साखळी गेली त्याचं त्यांना फारसं काही नव्हतं. सगळ्यांच्या देखत, हे मात्र घशात अडकलं होतं.

"नमस्कार," बाई म्हणाल्या.

त्यांचा कामावरचा आवाज वेगळा होता. सपाट, स्वच्छ, ना गोड ना कडू. तो ऐकला आणि अध्यक्षांनी पसरलेले पाय जवळ घेतले.

"नमस्कार," ते म्हणाले.

त्या एका शब्दावर बाईंना हा आवाज कुठे ठेवलेला होता ते सापडलं. आवाजातली ती किंचित घरघर, शब्दाच्या शेवटी घेतलेला तो श्वास. 'एक समाधानी पालक'. दोन महिन्यांपूर्वी या गृहस्थांनी फोनवर त्यांना वाचून दाखवलं होतं, की अशी शाळा पंचक्रोशीत नाही आणि असा दूरदृष्टीचा अध्यक्ष शोधून सापडायचा नाही. वाचताना एकदाही अडखळले नव्हते. बाईंनी जोडून दिलं होतं, पुसून टाकलं होतं.

अध्यक्षांच्या कपाळावर बारीक घाम दिसला. "हे फोन... सगळे तुम्हीच करता?"

"सगळे."

"आणि नावं ठेवत नाही म्हणता?"

"कुणाचंच नाही."

अध्यक्षांनी संपादकांकडे एकदा पाहिलं. संपादक पंख्याकडे बघत होते. अध्यक्षांचा श्वास जागेवर आला आणि त्याबरोबर आवाजही.

"तुम्हाला कुलूपबाई म्हणतात म्हणे."

"म्हणतात. कुलूप कुठे लावायचं आणि कुठे लावायचं नाही, तेवढं कळतं म्हणून म्हणत असतील."

संपादकांना ठसका लागला. अध्यक्ष पुढे झुकले.

"हे बघा बाई, मला वाद घालायचा नाही. आतली गोष्ट बाहेर गेली म्हणजे माणूस आतला आहे. आमच्या फाटकावरचा चौकीदार. किल्ली त्याच्याकडे असायची, कटकट त्याचीच असायची. त्याला आज काढतोय मी. तुम्ही फक्त 'हो' म्हणा."

बाई गप्प.

"बरं, मग 'नाही' म्हणा. तो नसेल तर बिचाऱ्याची नोकरी वाचेल. एका शब्दाचं काम आहे."

बाईंना चौकीदार माहीत होता. त्यांची सून त्याच शाळेत शिकवायची, त्याच्याबद्दल नेहमी बोले, त्याला काका म्हणे. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे डोळ्यांसमोर घडत होतं आणि जिभेच्या टोकावर 'नाही' हा शब्द आलेला होता. पण तो शब्द तिथे थांबणार नव्हता. आज चौकीदाराला 'नाही' म्हटलं, की उद्या हे गृहस्थ एकेका शिक्षकाचं नाव घेऊन येणार. नाही, नाही, नाही, आणि एका नावावर बाई गप्प राहिल्या की ते गप्प राहणं म्हणजेच 'हो'. दुसराही एक शब्द होता. समाधानी पालक. तो नुसता उच्चारला असता तरी अध्यक्ष खुर्चीसकट मागे सरकले असते, आणि चौकीदार जागच्या जागी राहिला असता. बाईंनी तोही शब्द गिळला. कुलूप ते कुलूप. आवडत्याला एक आणि नावडत्याला एक अशी दोन ठेवायची, तर मग ते कुलूप कसलं, ती नुसती कडी.

"हो नाही आणि नाहीही नाही," त्या म्हणाल्या. "माझ्याकडून कुणाचंच काही जात नाही. मी येऊ?"

"तुमच्या ओळखीतला आहे का कुणी?" अध्यक्षांनी मागून विचारलं.

"माझ्याशी जो फोनवर बोलला तो प्रत्येक माणूस माझ्या ओळखीतला आहे," बाई म्हणाल्या आणि आपल्या खोलीत येऊन हेडफोन चढवला. पण पुढचा नंबर लावताना त्यांचं बोट दोनदा चुकलं.

घरी मुलगा आधीच आलेला होता. तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, आणि दिवसभर लोकांचे डोळे नीट करून घरी आल्यावर त्याला समोरचं काही दिसत नसे, असं त्याची बायको म्हणायची. बाईंनी हातपाय धुतले आणि भाजी चिरायला घेतली. सुनेच्या चपलांचा आवाज जिन्यात आला तसा त्यांचा हात थांबला.

महिन्यापूर्वीचा तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. पडद्यावर नवीन ओळखपत्र उघडलं आणि त्यात सुनेचा फोटो. ओळखपत्रातला, म्हणजे चेहरा चोरासारखा आलेला. बाई घोटभर पाणी प्यायल्या आणि त्यांनी नंबर लावला.

"नमस्कार. वर्तमानपत्रातून बोलतेय. आपलं पूर्ण नाव?"

पलीकडे इतकी शांतता पसरली, की लाईन तुटली असं वाटावं. मग सुनेने नाव सांगितलं.

"टोपणनाव?"

"तिसरा बाक."

"जे लिहायचंय ते वाचून दाखवा."

सून वाचू लागली. आवाज कापत होता. "आमच्या शाळेच्या मागच्या जिन्याला साखळी लावतात, पोरं मागून पळू नयेत म्हणून. तिसऱ्या मजल्यावर वर्ग भरतात. पुढचा जिना एवढासा. उद्या काही पेटलं तर ही लेकरं जाणार कुठून?"

"ठीक आहे. जोडून देते," बाई म्हणाल्या होत्या. त्या संध्याकाळी सुनेने वाढताना विचारलं, "मीठ बरोबर आहे ना?" बाई म्हणाल्या, "बरोबर आहे." मिठाशिवाय दुसऱ्या कशाचा विषय त्या दिवशी घरात निघाला नाही, आणि त्यानंतरही नाही.

आज सून आत आली ती पिशवी खांद्यावरून न उतरवताच खुर्चीत बसली.

"काकांकडून किल्ल्या काढून घेतल्या," ती म्हणाली. "फाटकावरच. म्हणे पेपरात त्यांनीच लिहिलं."

"कोण, चौकीदार?" मुलगा म्हणाला. "त्यांना लिहिता येतं?"

"सही येते. तीही चित्र काढल्यासारखी काढतात."

"मग?"

"अध्यक्ष म्हणतात, कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार." तिने बाईंकडे पाहिलं. "आई, तुमच्या ऑफिसात काही कानावर आलं?"

"ऑफिसातलं घरी यायला लागलं, तर मी ऑफिसात कशाला जाऊ?"

"तूही कुणाला विचारतेस," मुलगा म्हणाला. "भिंतीला विचार. ती निदान तुझाच प्रश्न तुला परत देईल."

सून हसली नाही. जेवायला बसल्यावरही ती ताटात बोटं फिरवत राहिली. बाई बघत होत्या. ही नोकरी लागावी म्हणून या पोरीने किती उंबरे झिजवले ते त्यांनी पाहिलं होतं. पहिल्या दिवशी शाळेत जाताना तिच्या साडीच्या निऱ्या त्यांनीच गुडघ्यावर बसून सारख्या केल्या होत्या. आता एक वाक्य बोललं तरी पुरे होतं. 'आपल्याला काय करायचंय, गप्प बस.' सासूने असं म्हटलं असतं तर सून गप्प बसली असती, आणि सुनेला बरंही वाटलं असतं. बाईंच्या घशाशी ते वाक्य येऊन बसलं होतं.

"आई," सून ताटाकडे बघत म्हणाली, "तुमच्या त्या बोर्डावर... समजा तुम्ही एखाद्याचा फोन जोडून दिला. तुम्ही कुणाला सांगितलं नाही. पण त्यालाच वाटलं, की आपण काय बोललो ते आपणच जगाला सांगावं. तर?"

"तर काय. कॉर्ड माझी, बोलणं त्याचं. गप्प राहायचं हा नियम ऑपरेटरला. त्याला थोडाच आहे?"

"त्यात ऑपरेटरचं नाव खराब झालं तर? लोक म्हणाले, हिला आधीच माहीत होतं, तर?"

"ऑपरेटरचं नाव कुणाला माहीत असतं?" बाई म्हणाल्या. "तिला सगळे नुसतं हॅलो म्हणतात."

"त्याची नोकरी जाईल."

बाईंनी घास खाली ठेवला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "जाईल कदाचित."

"भीती वाटते त्याला."

"वाटणारच. पण दुसऱ्याने आपलं नाव काढून घेणं निराळं आणि आपण आपल्या तोंडाने सांगणं निराळं. पहिल्यात माणूस उघडा पडतो. दुसऱ्यात..." त्यांना शब्द सापडेना. "दुसऱ्यात तो नुसता उभा राहतो."

मुलाने एकदा आईकडे, एकदा बायकोकडे पाहिलं. "कुणाची नोकरी? कोण उभा राहतोय?"

"तू जेव," दोघी एकदमच म्हणाल्या.

मग मात्र सून हसली, आणि तिने दोन घास नीट खाल्ले. बाईंना त्यानंतर एकही घास गोड लागला नाही. पण घशाशी बसलेलं ते वाक्य तिथून उठून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संपादक बाईंच्या खोलीत आले, दार लावून घेतलं आणि समोरच्या स्टुलावर बसले. या खोलीत ते कधी बसत नसत.

"आताच अध्यक्षांचा फोन होता," ते म्हणाले. "सकाळी एक शिक्षिका सगळ्या शिक्षकांच्या समोर त्यांच्या टेबलापाशी गेली आणि म्हणाली, ते मी लिहिलंय, काकांच्या किल्ल्या परत द्या. चौकीदार फाटकावर परत आलाय. तिला मात्र हे सत्र संपलं की येऊ नका म्हणून सांगितलंय." ते थांबले. "बाई, ती तुमची सून आहे."

"हो. माझी सून आहे," बाई म्हणाल्या. आणि पाठ खुर्चीला टेकलेली होती ती त्यांनी सरळ केली.

"तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"तिसरा बाक म्हणजे ती."

"साहेब, ते मी सांगत नाही."

"अहो, आता तिनेच सांगितलं. सगळ्या गावाला कळलंय. आता लपवायचं काय राहिलं?"

"तिने तिचं सांगितलं. त्याने माझं कुलूप उघडत नाही."

संपादक हसले, पण ते हसू डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "आई म्हणायची ते खरं आहे. तुमच्या शेजारी बसून तिला कधी एक बातमी मिळाली नाही." त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले. "मला आणखी एक सांगायचंय. मालकांना ते कोऱ्या नावांचं कळलं. पुढच्या महिन्यापासून हे काम बाहेरच्या एका कंपनीकडे जाणार. माणूस लागत नाही म्हणे. लिहिणाऱ्याने फोन तोंडासमोर धरायचा, मान डावीकडे-उजवीकडे वळवायची, झालं."

"आणि वाचून दाखवायचं?"

"ते नाही."

"नंतर तो चेहरा कुठे जातो?"

"राहतो त्यांच्याकडे."

"किती दिवस?"

"राहतो, बाई," संपादक म्हणाले आणि उठले. दाराशी जाऊन थांबले. "मी भांडलो तुमच्यासाठी. थोडं."

"थोडं का होईना," बाई म्हणाल्या. "बसा, चहा घेऊन जा."

महिनाअखेरीला बाईंनी आपला पेला आणि बसायची उशी पिशवीत भरली. ज्या बातमीदार मुलीपायी हे काम निघालं होतं ती येऊन पाया पडली, आणि वर म्हणाली, "आता मला शिव्या देणारे निदान छान मान वळवून देतील." बाई हसल्या. दिवस सरत आला तेव्हा पडद्यावर शेवटचं एक ओळखपत्र उघडलं. तोच चोरासारखा चेहरा. वर टोपणनावाच्या जागी टोपणनाव नव्हतं. तिथे सरळ पूर्ण नाव लिहिलेलं होतं. नियम असा होता, की वरचं नाव बदललं तर ओळख पुन्हा पटवायची.

बाईंनी हेडफोन चढवला, पदर सारखा केला आणि नंबर लावला.

"नमस्कार. वर्तमानपत्रातून बोलतेय. आपलं पूर्ण नाव?"

सुनेने सांगितलं. स्वतःचं, माहेरचं, सासरचं, सगळं.

"टोपणनाव?"

"नाही. हेच."

"जे लिहायचंय ते वाचून दाखवा."

"तिसरा बाक या नावाने जे लिहिलं होतं ते मी लिहिलं होतं," सून वाचू लागली. पाठीमागे शाळा सुटल्याचा कल्ला ऐकू येत होता. "मी त्या शाळेत शिकवते, सत्र संपेपर्यंत शिकवेन. साखळीची किल्ली चौकीदारकाकांकडे होती, पण ती लावायचा हुकूम त्यांचा नव्हता. आज मागचं दार उघडं आहे. ते उघडं आहे की नाही, हे येता-जाता बघत राहा." मग ती किंचित थांबली. "आणि माझं नाव मी सांगेपर्यंत ज्यांनी सांगितलं नाही, त्यांना माझा नमस्कार."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. मग डोळे मिटून घेतले.

"शेवटचं वाक्य नीट ऐकू आलं नाही," त्या कामावरच्या आवाजात म्हणाल्या. "पुन्हा वाचा."

ऐकू अगदी स्पष्ट आलं होतं. सुनेने ते वाक्य पुन्हा वाचलं, हळू आणि मोठ्याने, आणि या वेळी तिचा आवाज कुठेच कापला नाही.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "जोडून देते."

त्यांनी पहिलं बटण दाबलं. मग दुसरं.